आईने बघितलेली तीन हॉस्टेलं

बारावीच्या अख्ख्या वर्षात माझ्या डोक्याचा जेवढा भुगा झाला नाही, तेवढा त्यानंतरच्या काही आठवड्यांत हॉस्टेलं बघताना झाला. सीईटीत मार्क बरे पडले होते. फार्मसीला जायचं हे ठरलेलं होतं, म्हणजे मी ठरवलेलं होतं. कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता आणि एकदा तो पक्का केला की मग कोणाच्या बापालाही बदलता येत नाही, असं सायबर कॅफेवाला येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होता. तेवढ्यात घरात आईने आपली अट घातली.

ती म्हणाली, "राहायची जागा मी डोळ्यांनी बघनार. पटली तर जा. न्हाय पटली तर कल्यानला बीएस्सी कर, घरनं जा-ये कर."

अट ऐकायला साधी होती, पण मला चांगलाच घाम फुटला. आईला जागा पटणं म्हणजे काय, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. आमच्या नात्यातल्या लग्नाचा हॉल तिला पटला नव्हता, दवाखाना पटला नव्हता, एकदा तर वज्रेश्वरीजवळ अकलोलीच्या गरम कुंडांवर गेलो असताना तिला तिथलं पाणीच पटलं नव्हतं. बाबांचा आधार घ्यावा तर त्यांचं मत शेवटचं कोणाशी बोलले त्यावर अवलंबून. ते एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत. सकाळी ते म्हणत, पोरगी शिकू दे, जाऊ दे लांब. संध्याकाळी ड्युटीवरून येताना कोणीतरी कान भरलेले असत, मग म्हणत, घरचं जेवण सोडून कशाला हाल करून घ्यायचे.

मी मोबाइलमध्ये एक तक्ता केला. मुंबईच्या उपनगरातलं एक कॉलेज, पुण्यातलं एक आणि नाशिकमधलं एक. खोलीत किती जणी, बाथरूम आत की बाहेर, गेट किती वाजता बंद, वायफाय, कॉलेजपासून अंतर. प्रत्येकाला दहापैकी मार्क. पण बाथरूमला दिलेले मार्क आणि लायब्ररीला दिलेले मार्क एकाच बेरजेत कसे घालायचे, हे मला कळेना. ज्या दिवशी घरी पाण्याची बोंब असे त्या दिवशी मुंबई पहिली येई. ज्या दिवशी अभ्यासाचा उत्साह असे त्या दिवशी पुणं. यूट्यूबवर मुली हसत हसत आपली खोली दाखवायच्या आणि खाली कोणीतरी लिहिलेलं असायचं की गादीत ढेकूण आहेत. मी दोन्हींवर विश्वास ठेवायचे आणि जास्तच गोंधळायचे.

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घर भिवंडीत, टेमघरला. घराच्या खालच्या लांबट खोलीत आई भिस्सी चालवते. भिवंडीबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. भिस्सी म्हणजे गाव सोडून कापड विणायच्या लूमवर कामाला आलेल्या माणसांची महिन्यावारी खानावळ. त्यांना मेंबर म्हणतात. ते पाळीप्रमाणे येतात, भिंतीला टेकून रांगेत बसतात, बोलत नाहीत, कारण आठ-दहा तास खडखडाटात राहिल्यावर त्यांना बोलायची सवय उरलेली नसते. लाइट गेली की लूम थांबतात आणि माणसं वेळेआधीच जेवायला हजर होतात, म्हणून लाइट गेली की आई आधी मेणबत्ती शोधत नाही, पिठाचा डबा ओढते. मेंबर तिला भाभी म्हणतात. ती इथल्याच दिघाशी गावची, पण त्यांच्याशी हिंदीत बोलते आणि मध्येच मराठीत चिडते. दोन्ही त्यांना कळतं.

भिस्सीत दोन गोष्टी आईने कधी मोडू दिल्या नाहीत. कोणाला शिफ्टमध्ये उशीर झाला तर त्याचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून भिंतीकडेला ठेवायचं. आणि कोणाच्या घरून आई किंवा बायको आली, तर तिला त्या दिवशी शेगडीशी बसवायचं. तिला पाहुणी म्हणून खुर्ची द्यायची नाही, पोळपाट-लाटणं द्यायचं. आपला माणूस काय खातो, ते कुठे शिजतं, पीठ कसलं, हे त्या बाईने स्वतःच्या हाताने करून बघायचं आणि मग निवांत गावी परत जायचं. त्या दिवशीची रोटी नेहमीपेक्षा वेगळी असायची. कोणाची जाड, कोणाची ओवा घातलेली. पहिला घास घेतल्याबरोबर रांगेतून प्रश्न यायचा, "आज किसका घर आया है?" आणि ज्याचं घर आलंय तो हात वर करायचा.

उत्तर प्रदेशातला एक मेंबर होता, वर्षभरात 'दाल' आणि 'बस' याखेरीज तिसरा शब्द बोलला नसेल. त्याची म्हातारी आली त्या दिवशी त्याने हात वर करून "हमारी अम्मा आयी हैं" असं इतक्या जोरात सांगितलं की बाहेर उभा असलेला रिक्षावाला आत डोकावला. मी तेव्हा पायरीवर कांदे चिरत बसले होते. हसू आलं होतं मला. या सगळ्याचा माझ्या फार्मसीशी काही संबंध असेल असं वाटायचं काही कारणच नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही मुंबईकडचं हॉस्टेल बघायला गेलो. ते कॉलेजचं नव्हतं, खाजगी होतं, कॉलेजच्या मुली तिथे राहायच्या. दारात बोटाचा ठसा घेणारं मशीन, आत गार हवा, भिंतीवर हिरवं प्लॅस्टिकचं गवत. काउंटरवरच्या मुलीने आईला मॅडम म्हटलं. आईने मागे वळून बघितलं, मॅडम कुठे आहे ते. मग आम्हाला पाण्याच्या छोट्या बाटल्या मिळाल्या आणि खोली दाखवली गेली. खोली मला आवडली. पलंगाखाली खण होते, प्रत्येकीला वेगळा दिवा होता. मी मनात दहापैकी नऊ दिले. आईने गादी दाबून बघितली, नळ सोडून बघितला, खिडकीतून खाली वाकून बघितलं आणि विचारलं की किचन कुठे आहे. त्या मुलीने अभिमानाने सांगितलं की किचनची भानगडच ठेवलेली नाही, जेवण केटररकडून पॅक होऊन येतं, अगदी हायजिनिक.

 रस्त्यावर आल्यावर आई म्हणाली, "शंभर पोरी राहतात आनि घरात चूल न्हाय." बस्स, एवढ्यावर ते हॉस्टेल बाद झालं. मी दिवे, खण, वायफाय सगळं सांगून बघितलं. तिने ऐकून घेतलं आणि पाण्याची रिकामी बाटली पिशवीत टाकली, तेल ठेवायला.

पुण्याला मात्र माझं काळीज अडकलं. जुनी दगडी इमारत, व्हरांड्यात कुंड्या, लायब्ररीत इतकी शांतता की मला तिथे पाऊल टाकताना माझ्या चपलेची लाज वाटली. याच कॉलेजचं नाव मी दहावीपासून ऐकत होते. रेक्टरबाई फार सभ्य होत्या. त्यांनी आम्हाला बसवून कपबशीतून चहा दिला, आईला मॅडम म्हटलं, आणि या वेळी आईने मागे वळून बघितलं नाही. मला बरं वाटलं. वाटलं, आता जमलं. मग आईने मेस बघायला मागितली. पालकांना आत जाता येत नाही, असं रेक्टरबाईंनी गोड शब्दांत सांगितलं आणि आम्हाला एका मोठ्या काचेसमोर नेऊन उभं केलं. काचेपलीकडे टोप्या घातलेली माणसं काम करत होती. सगळं लख्ख होतं. भिंतीवर जेवणाच्या वेळांचा फलक होता.

आईने विचारलं, पोरीला प्रॅक्टिकलला उशीर झाला तर तिचं ताट कोण ठेवतं. रेक्टरबाईंना प्रश्न नीट कळला नाही, म्हणून तिने तो परत विचारला. मग त्या म्हणाल्या की वेळ पाळायची शिस्त मुलींना लागावी म्हणूनच फलक लावलाय आणि नियम सगळ्यांना सारखे आहेत. आईने मान हलवली. ती मान मला चांगली ओळखीची होती. महिन्याचे पैसे बुडवणारा मेंबर कारणं सांगायला लागला की ती तशीच मान हलवते.

परतीच्या एसटीत मी फुगून बसले होते. शेवटी राहवलं नाही आणि विचारलं, "तू हॉस्टेल बघायला येतेस की भिस्सी?"

"दोनी एकच," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

मला तिचा राग आला होता, खरंच आला होता. हिला लायब्ररी दिसत नाही, प्रयोगशाळा दिसत नाही, जगात हिला फक्त डाळ आणि ताट दिसतं. पण राग आला तरी माझा गोंधळ काही कमी झाला नाही, उलट वाढला. कारण घरी येऊन तक्ता उघडला तेव्हा पुण्याच्या रकान्यात मार्क देताना मी त्या काचेपाशी अडकले. काचेला किती मार्क द्यायचे? ती चांगली गोष्ट की वाईट? स्वच्छ होती म्हणजे चांगलीच की. मग मला आठ द्यावेसे का वाटत नव्हते? मी सहा लिहिले, खोडले, आठ केले, आणि मोबाइल उशाखाली टाकून दिला.

आता फक्त नाशिक उरलं होतं. पसंतीक्रम पक्का करायचा दिवस तोंडावर आला होता. आई तिथेही नाक मुरडणार आणि मी कल्याणला बीएस्सीला जाणार, असं मी धरूनच चालले होते. नाशिकचं कॉलेज माझ्या तक्त्यात एकदाही पहिलं आलं नव्हतं. हॉस्टेलची इमारत पिवळट, मागे कपड्यांच्या दोऱ्या, गेटवरचा वॉचमन पेपर वाचत बसलेला. ऑफिसात रेक्टर मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली. मी बसले. आई "मी आलेच" म्हणाली आणि बाहेर गेली.

आई कुठल्याही जेवणाच्या जागी पुढच्या दाराने जात नाही. भिस्सी बघायची तर मागून, जिथे भांडी घासतात तिथून, असं तिचं म्हणणं. ती मागच्या बाजूलाच गेली असणार हे मला माहीत होतं. पाच मिनिटांत कोणीतरी तिला हटकेल आणि ती तणतणत परत येईल, असा माझा अंदाज होता. ती आलीच नाही. रेक्टर मॅडमचा फोन संपला, त्यांनी मला खोली दाखवली, तीन जणींची, बाथरूम बाहेर, एक पंखा जरा कुरकुरणारा. लायब्ररी दाखवली. माझे सगळे प्रश्न संपले आणि त्यांचीही उत्तरं संपली. शेवटी मीच विचारत विचारत मेसकडे निघाले.

दारातून आत बघितलं तर मी जागच्या जागी थांबले. खिडकीखाली एका पाटावर आई बसली होती आणि चपात्या लाटत होती. शेजारी चपात्यांचा ढीग. कोपरापर्यंत पीठ. पलीकडे एक मुलगा त्या तव्यावर टाकत होता. खांद्यावर टॉवेल टाकलेले एक पन्नाशीचे गृहस्थ, मेस चालवणारे भाऊ, भाजीचं पातेलं हलवत होते. आई माझ्याकडे बघून इतकी प्रसन्न हसली की गेल्या महिनाभरात मी तिला तसं हसताना बघितलंच नव्हतं.

"ही माझी पोरगी," तिने त्या गृहस्थांना सांगितलं.

"सोबत आणली का? बरं केलंत. तिलापण वाढून घ्या, मावशी," ते म्हणाले आणि स्वतःच एक ताट पुसून माझ्या हातात दिलं.

मला काही म्हणजे काही कळेना. आईच्या कानाशी वाकून विचारलं, हे काय चाललंय. तिने सांगितलं ते असं. ती मागच्या दाराशी उभी राहून आत बघत होती. या भाऊंनी तिला बघितलं आणि कोण, कुठली काही न विचारता म्हणाले, या मावशी, आधी दोन घास खाऊन घ्या, मग लाटायला बसा. तिला पाट दिला. शेगडीची झळ लागत होती तर पाट उचलून खिडकीखाली सरकवला. पोरीची आई आलीय हे ऑफिसातून कळवलं असणार, असं आईचं म्हणणं. "यांच्याकडं पन आपल्यावानीच रीत हाय," ती म्हणाली. आणि परत लाटायला लागली.

मी ताट घेऊन तिथेच उभ्याने जेवले. आमटी बरी होती, भाजीत मीठ जास्त होतं. नाशिकमध्ये आमच्या भिस्सीसारखी रीत असेल? असेलही. मला काय माहीत होतं नाशिकचं. मी स्वतःला समजावत होते, पण काहीतरी बरोबर वाटत नव्हतं. निघताना आईने हात धुतले, पदराला पुसले आणि भाऊंना येते म्हणाली. ते म्हणाले, "उद्या सकाळी सहाला या, मावशी. आणि आधारची झेरॉक्स आणा. आधीच्या बाई न सांगता गेल्या, फार पंचाईत झाली होती बघा."

"माझी आनू का पोरीची?" आईने विचारलं.

"तुमची."

"बरं. येते," आई म्हणाली. अॅडमिशनला पालकांचं आधार लागतंच, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. मला मात्र तिथल्या तिथे सगळा उलगडा झाला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

बसमध्ये आई बोलत होती. इतकं ती एरवी बोलत नाही. खिडकी चांगली होती, पीठ चाळलेलं होतं, भांडी घासणाऱ्या बाईला बसायला स्टूल होतं. "हीच जागा," ती म्हणाली. मी हो हो करत होते आणि आत माझा नुसता गोंधळ चालला होता. सांगावं तर हे हॉस्टेलही गेलं, म्हणजे फार्मसीच गेली. न सांगावं तर आई एका गैरसमजावर मला घराबाहेर पाठवणार. त्यात आणखी एक विचार डोकं वर काढत होता: नाशिक मोडलं तर कदाचित पुण्याचं परत बोलता येईल. पण मला पुणं हवं होतं म्हणून सांगायचं होतं, की आईला फसवायचं नव्हतं म्हणून? दोन्हीतलं खरं कुठलं, ते मला त्या वेळी कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही.

कसारा घाटात गाडी वळणं घेत उतरायला लागली तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, आई, त्यांच्याकडे रीतबीत काही नव्हती. त्यांची चपात्यावाली बाई सोडून गेलीय. ते तुला नवीन बाई समजले.

  आईने फक्त एवढंच विचारलं, "मला कामाची बाई समजले?"

"हो."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, आता रडेल. मग वाटलं, चिडेल, उतरून परत जाऊन त्या भाऊंना चार शब्द सुनावेल. शहापूर गेलं. मी बीएस्सीची तयारी मनातल्या मनात सुरू केली होती. आपण सांगितलं याचा मला पस्तावा होत होता आणि सांगितलं नसतं तर याहून वाईट वाटलं असतं, असंही वाटत होतं. तिच्या बांगड्यांच्या फटीत अजून थोडं पीठ होतं. ते बघून मला एकदम रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

पडघ्याच्या अलीकडे ती बोलली. माझ्याकडे न बघताच.

"त्या दोन जागी मला मॅडम म्हनाले. पैसे देनारी पार्टी म्हनून बाटली दिली, चहा दिला. ते कोन पन देतं. हितं मी कोन न्हाय समजून पन आधी जेव म्हनाला तो मानूस. झळ लागते म्हनून पाट सरकवला." मग म्हणाली, "कामाच्या बाईला जो जेवल्याबिगर लाटायला बसवत न्हाय, तो तुझं ताट ठेवील. तू तिथंच जा."

 अख्खा महिना मी दहापैकी मार्क देत बसले होते आणि यासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता.

आता असं लिहिलं की वाटेल, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं धुकं हटलं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत बसले तेव्हा माझा हात पुण्याच्या नावावर तीनदा गेला. पुण्याची लायब्ररी खरोखरच चांगली होती. आईचं म्हणणं जेवणापुरतं बरोबर होतं, पण चार वर्षं मी जेवायला जाणार होते की शिकायला? बाबांना फोन केला. ते म्हणाले, तुझं तू बघ, आणि मग म्हणाले, आईला विचार, आणि फोन ठेवताना म्हणाले, पण तुझं तूच बघ. कॅफेवाला घाई करत होता. मी नाशिक पहिलं टाकलं. पक्कं करायचं बटण दाबलं. का दाबलं, असं कोणी विचारलं तर आजही मला सरळ उत्तर देता येत नाही. बांगड्यांतलं ते पीठ डोळ्यांसमोर होतं, एवढं आठवतं.

यादी लागली, नाशिक मिळालं. राहायला जायच्या दिवशी बाबांनी गोडाऊनच्या ओळखीतला टेम्पो केला होता. ट्रंक, गादी, बादली आणि आईने भरून दिलेले डबे. बाबा आणि मी ऑफिसात सह्या करत होतो. वळून बघितलं तर आई नाही. या वेळी मी वाट बघत बसले नाही, थेट मागच्या दाराकडे पळाले.

ती दारातच उभी होती आणि ते भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून तिच्याकडे बघत होते. त्यांनी तिला ओळखलं होतं.

"मावशी, तुम्ही तर दुसऱ्या दिवशी सहाला येणार होता," ते म्हणाले. आवाजात तक्रार होती.

"आले ना," आई म्हणाली. "पोरीला घेऊन यायचं होतं, म्हनून उशीर झाला."

भाऊंनी तिच्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे, माझ्या हातातल्या बादलीकडे. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते फार ओशाळले. टॉवेलने एक खुर्ची झटकली, ताई बसा म्हणाले, मुलाला चहा आणायला पिटाळलं, आम्हाला माहीतच नव्हतं म्हणाले. आईने ती खुर्ची बाजूला सारली. खिडकीखाली आता दुसरी बाई लाटत बसली होती. आईने तिला विचारलं, थोडी सरकशील का, आजपुरतं. ती बाई हसून सरकली. भाऊ काहीतरी बोलणार होते, पण आईने पदर खोचला होता आणि पिठाला हात घातला होता.  मग त्यांनी खिडकी तेवढी सताड उघडली.

मी हॉलमध्ये जाऊन बसले. समोर, शेजारी सगळ्या अनोळखी मुली. कोणाला घरची आठवण येत होती, कोणी मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती.  आपण चुकलो, पुणंच बरं होतं, कल्याणच बरं होतं, कुठेच न जाणं सगळ्यात बरं होतं, असं एकामागून एक मनात येत होतं. तेवढ्यात वाढणारा मुलगा आला आणि माझ्या ताटात चपाती पडली. लूमवाल्यांच्या भुकेच्या मापाने लाटलेली, ताटाच्या कडेबाहेर गेलेली चपाती.

माझ्यासमोरच्या मुलीने आपली चपाती दोन्ही हातांनी उचलून बघितली आणि सगळ्यांना विचारलं, "आज एवढ्या मोठ्या चपात्या कोणी केल्या?"

मी हात वर केला.

"माझी आई आलीय," मी म्हणाले.